साउंड बाथ: पडवीत घ्यावा की किनाऱ्यावर?

खाडीकाठ
गुहागर-दापोली पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांना हल्ली पाहुणे 'साउंड बाथ आहे का?' असं विचारतात (आडवं पडून वाट्यांसारख्या वाद्यांचे नाद ऐकायचे). नोव्हेंबर ते मे या हंगामासाठी १० ते १२ जणांचा, तासाभराचा कार्यक्रम बसवायचा आहे. जागा दोन आहेत. एक ३० बाय १२ फुटांची पडवी: जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली सारवण, एक लांब बाजू अंगणाला उघडी. दुसरी म्हणजे सुरूच्या बनापलीकडचा किनारा.
किनाऱ्यावर हे खरंच होतं की फोटोपुरतं? वाट्या काशाच्या घ्याव्यात की क्रिस्टलच्या, आणि किती? गाँग (टांगून वाजवायची धातूची मोठी थाळी) लागतोच का? खाऱ्या हवेत हे टिकतं का? चक्रं उघडतात की नाही यावर वेगळा धागा काढा, इथे कामाचं बोला.

सुरंगी
किनाऱ्यावर होतं, पण वेळ साधावी लागते. दुपारनंतर खारा वारा सुटतो, मार्च-एप्रिलात तर चारच्या सुमारास चटया उडतील इतका. गाँग स्टँडसकट कलंडतो. पहाटे मतलई वारा हलका असतो, ऊनही डोंगराआडून उशिरा येतं. तेव्हा सकाळी सहा ते साडेसात. वाजवणाऱ्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पहाटे जमिनीच्या बाजूला बसायचं. उलट बसलं तर आवाज वर वळून लोकांच्या डोक्यावरून जातो.

डेसिबल
सुरंगी, वेळ बरोबर, कारण चुकलं. वाऱ्यामुळे आवाज वळतो हे खरं असलं तरी ते शेकडो फुटांवर जाणवतं, दहा फुटांत नाही. इथला त्रास म्हणजे वारा खुद्द कानाच्या पाळीवर घोंघावतो. कानावरून सैल उपरणं घेतलं तरी बराच कमी होतो.
किनाऱ्याची मोठी अडचण वेगळीच आहे. उघड्यावर आवाज परतवणारं काही नसतं, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर जो ऐकू येतो तो चार मीटरवर १२ डेसिबलने कमी. त्यात समुद्राची गाज जाड-बारीक सगळ्या कंपनांची मिळून असते. टोला ऐकू येतो, पण त्यानंतर हळूहळू विरत जाणारी आस गाजेत बुडते, आणि ऐकण्यासारखं असतं ते तिथेच.

घाटावरचा
मग समुद्रच ऐकवा की. वाट्यांचं भाडं तरी वाचेल.

नाखवा
@घाटावरचा, त्याचे पैसे कोण देणार?
खाडीकाठ, संध्याकाळचाच हट्ट असेल तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे सूर्यास्ताला लाट चटईखाली. पौर्णिमेला-अवसेला पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा साडेपाचच्या आसपास सुकती. सपाट पुळणीवर त्या वेळी पाणी लांब गेलेलं असतं आणि गाजही लांब जाते. अर्धा तास इकडे-तिकडे धरा, हे पंचांगाचं गणित आहे, बंदरखात्याचं नाही.
बाकी आमच्या गावात पहाटे पाचाक मासळीच्या टेम्पोचो भोंगो वाजता, तेचो साउंड बाथ सगळ्यांका फुकट.

रातांबा
किनारा ठरवण्याआधी कासवांचं बघा. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि अंड्यांतून पिल्लं यायला पुढे दीड-दोन महिने. म्हणजे तुमचा जवळजवळ अख्खा हंगाम. पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने निघतात, किनाऱ्यावर पणत्या किंवा फेअरी लाइट्स लावल्या की ती उलटीकडे भरकटतात. मादीही हालचाल आणि उजेड पाहून अंडी न घालता परत फिरते. त्यामुळे अंधार पडल्यावर किनाऱ्यावर काही नको. पहाटेसुद्धा आधी गावातल्या कासवमित्राला विचारा. रात्रीची पाहणी संपून घरटी हलवून झाली की तो सांगेल कुठल्या पट्ट्यात बसायला हरकत नाही. वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं, तिकडे हे शिस्तीत चालतं.
आणि स्पीकर लावणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा कायद्याने बंदी आहे.

खाडीकाठ
रातांबा, हे डोक्यात नव्हतं. स्पीकर नाहीच. म्हणजे पडवीचं पारडं जड. आता वाट्यांकडे या कोणीतरी.

कासारआळी
वाट्यांबद्दल दुकानदार 'सात धातूंची' म्हणून भाव वाढवतात. जुन्या चांगल्या वाट्यांची धातुपरीक्षा झाली तेव्हा मुख्यतः तांबं आणि कथील निघालं, साधारण ७८ ला २२. म्हणजे आपलं कासंच. बाकीचे धातू निघाले ते अशुद्धी म्हणावी इतके. सोनं-चांदी शोधत बसू नका.
कथील इतकं जास्त असलं की धातू थंडपणी ठिसूळ असतो. म्हणून तो लाल तापवून ठोकतात आणि शेवटी तापलेला असतानाच पाण्यात बुडवतात, त्याने ठिसूळपणा कमी होतो. तरीही फरशीवर पडली तर काशाची वाटी तडकते. पितळेची नुसती पोचते. बाजारात घासूनपुसून ठेवलेल्या बऱ्याच वाट्या ओतीव पितळेच्या असतात. त्यांची आस तोकडी.
घेताना असं तपासा. तीन बोटांच्या टोकांवर वाटी तोला, कडेला बोट लागू देऊ नका. मऊ टोकाच्या दांड्याने कडेच्या जरा खाली एकच टोला द्या. आठ इंची काशाची वाटी अर्धा मिनिट तरी ऐकू आली पाहिजे. मध्येच 'झर्र' आलं तर बारीक चीर आहे. ती डोळ्याला दिसत नाही: वाटीत पाणी भरा, बाहेरून कोरडी पुसा, दहा मिनिटांनी ओल कुठे येते ते बघा. बोटभर लांबीची चीर असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

वेलची_केळी
तळपायाला तूप लावून घासतो ती काशाची वाटी चालेल का? घराघरात असते.

कासारआळी
धातू तोच, घडण वेगळी. ती लहान, जाड आणि मूठ जोडलेली असते. मूठ कंपनं खाते, त्यामुळे 'टण' होऊन संपतं. कार्यक्रमानंतर पाय घासायला ठेवा, पाहुणे त्यावरच जास्त खूश होतील.

पांढरी_चार
किती वाट्या, तर पाच पुरेत. दुकानातले सात-सातचे संच रंगीत गाद्यांसकट येतात, त्यातल्या दोन-तीन एकमेकींशी भांडतात. घ्यायच्या अशा: दोन मोठ्या (१० ते ११ इंची, दीड-दोन किलोच्या, साधारण शंभर-दीडशे हर्ट्झच्या), दोन मधल्या, एक लहान ५ इंची.
मोठ्या दोघींत ३ ते ६ हर्ट्झचाच फरक हवा. एक १२० ची आणि दुसरी १२४ ची असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो-ओसरतो. हा डोल अंगावर जाणवतो, लोक पैसे देतात ते मुख्यतः त्याचेच. फरक पंधरा-वीसच्या घरात गेला की डोल न राहता खरखर होते. मधल्या वाट्या मोठीच्या पंचमात किंवा वरच्या षड्जात बघा.
मोजायला फोनवरचं ट्यूनर अॅप चालतं, पण टोला दिल्यावर लगेच वाचू नका. वाटीचा दुसरा सूर पहिल्याच्या दुप्पट नसतो, साधारण पावणेतीन पट असतो, आणि सुरुवातीला अॅप तोच पकडतं. पाच-सहा सेकंद थांबा, वरचे सूर विरले की खालचा दिसतो.

क्षितिज_४३२
सगळे संच ४३२ हर्ट्झचे घ्यावेत. ४४० चं ट्यूनिंग मन अस्वस्थ करतं. निसर्गाची कंप्रता ४३२ आहे.

पांढरी_चार
@क्षितिज_४३२, ४४० हा वाद्यवृंदांनी आपापसात जुळण्यासाठी ठरवलेला आकडा आहे, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा. आपल्याकडे सा पक्का नाहीच. गाणारा काळी एकला धरेल, गाणारी काळी पाचला, भजनात बुवांचा गळा बसला की पेटीवाला अर्धा सूर खाली येतो. त्यात कोणी अस्वस्थ होत नाही. शिवाय हाताने ठोकलेली वाटी ठोकल्यावर जी वाजते ती वाजते. ४३२ चा शिक्का मारलेला अख्खा संच मिळाला तर तो लेथवरचा, म्हणजे यंत्रावर कातलेला असण्याची शक्यता जास्त.

क्षितिज_४३२
ज्याला अनुभव येतो त्याला येतो.

नाखवा
शिमग्यात पालखी नाचवताना ढोल किती हर्ट्झचो असता, कोण मोजून बघा. देवाक चलता.

घाटावरचा
मुळात या सगळ्याने काही होतं याला आधार आहे का? की गार फरशीवर तासभर फोन बाजूला ठेवून पडल्याचा गुण?

डेसिबल
रास्त शंका. २०१७ साली कॅलिफोर्नियात ६२ जणांवर वाट्यांच्या ध्यानाचा अभ्यास झाला. नंतर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं लोकांनी नोंदवलं. पण तुलनेसाठी नुसता पडून राहिलेला गट नव्हता, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. डोलाच्या वेगाने मेंदूच्या लहरी 'जुळतात' हा दावाही भक्कम नाही. श्वास मंदावतो, स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, इतकं फलकावर लिहायला हरकत नाही. 'बीपी बरा होतो' लिहू नका.

माजघर
हठयोगप्रदीपिका या योगग्रंथाच्या चौथ्या अध्यायात नादानुसंधान, म्हणजे नादावर मन लावणं, आहे. तिथे क्रम असा: आधी समुद्र, मेघ, भेरी असे मोठे नाद, मग मर्दल, शंख, घंटा, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भुंगा. तिथे हे आत ऐकू येणारे नाद आहेत, बाहेरून वाजवायचे नाहीत, तरी जाडाकडून बारीककडे जायचं हा क्रम बसवायला उपयोगी आहे.
तासाची मांडणी अशी करावी. पहिली दहा मिनिटं बोलणं आणि आडवं होणं: गुडघ्यांखाली लोड, मानेखाली चादरीची पातळ घडी, डोळ्यांवर रुमाल. पांघरूण डिसेंबरात तर हवंच, पण एप्रिलातही एक सुती चादर द्या. निश्चल पडल्यावर अंग थंड पडतं आणि मग लोक चुळबुळतात. पुढची पाच मिनिटं सगळ्यांकडून भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं. गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड नुसत्या श्वासाच्या १५ पट बाहेर येतं असं २००२ च्या स्वीडिश प्रयोगात मोजलं होतं. पण इथे मुख्य फायदा म्हणजे सगळ्यांचा उच्छ्वास लांबतो.
मग पंचवीस-तीस मिनिटं वाट्या. आधी फक्त मोठ्या दोन, एकीची आस निम्मी झाली की दुसरी. नवशिके इथेच चुकतात: रिकामी जागा सहन होत नाही म्हणून टोल्यावर टोला देत सुटतात. मधल्या वाट्या दहा मिनिटांनी. लहान वाटी अगदी शेवटी, तीनदाच. त्यानंतर दहा मिनिटं काहीही वाजवायचं नाही. उठवताना आवाज देऊ नका, टाळी तर नकोच. बोटं हलवा, कुशीवर वळा, बसा, एवढं हळू सांगायचं.

सुरंगी
माजघर, छान. कडेवर दांडा फिरवताना खडखड होते, त्याचं काय?

माजघर
वेग जास्त आणि दाब कमी असला की दांडा कडेवरून उड्या मारतो. आधी हलका टोला देऊन वाटी बोलती करायची, मग दांडा उभा धरून दाबून सावकाश फिरवायचा. आवाज चढला की आणखी सावकाश. कातडं गुंडाळलेल्या टोकाने खालचा सूर निघतो, नुसत्या लाकडाने वरचा. लोक आडवे असताना मोठी वाटी फिरवत बसू नका, तोल सांभाळताना हमखास बोट लागतं. टोलाच बरा.

डेसिबल
एक भर. हाताने ठोकलेली वाटी पूर्ण गोल नसते, त्यामुळे एकट्या वाटीतही डोल असतो. कडेवर टोल्याची जागा बदलत जा: दर ४५ अंशांवर डोल जवळपास थांबतो, त्या दोन जागांच्या मधोमध सगळ्यात स्पष्ट येतो. आत पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि कार्यक्रमात त्या खुणांवरच टोला द्या. पांढरी_चार यांची जोडी जमली नाही तरी एका वाटीत काम भागतं.
पाणी घालून सूर उतरवण्याची युक्ती जलतरंगात ठीक. इथे आस तोकडी होते, आणि फिरवलेल्या वाटीतून थेंब उडतात ते वेगळंच. २०११ मध्ये टेर्वान आणि बुश यांनी त्या उडणाऱ्या थेंबांवर अख्खा शोधनिबंध लिहिला आहे.

वेलची_केळी
क्रिस्टलच्या वाट्या राहिल्या. त्या उन्हाने तडकतात ना? कोकणच्या उन्हाळ्यात जोखीमच.

डेसिबल
उन्हाने नाही. त्या वितळवलेल्या सिलिकाच्या असतात, मूळ घडण अर्धवाहक उद्योगातल्या मुशींची. तापमानाने हा पदार्थ जवळपास फुगतच नाही. तडकतात त्या आपटून, किंवा जोराने फिरवत राहिल्याने कड प्रमाणाबाहेर थरथरते तेव्हा, किंवा शेजारच्या वाटीला टेकून. दोघींत वीतभर अंतर ठेवा, खाली रबरी कडं आणि त्याखाली रबरी चटई. सारवलेल्या जमिनीला उंचवटे असतात, त्यावर त्या डुगडुगतात. तुमच्या पडवीत काशाच्याच बऱ्या. क्रिस्टलचा सूर एकसुरी आणि टोचरा असतो, कान नाजूक असलेल्यांना त्रास होतो.

रातांबा
खाऱ्या हवेचं कोणी बोललं नाही. काशावर मीठ आणि ओल बसली की हिरवे ठिपके येतात. नुसता हिरवट थर असेल तर चालतो, पण भुकटी होऊन झडत असेल तर खाली खड्डा पडतोय. किनाऱ्यावरून आणल्यावर गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधू नका. आमसुलाने किंवा चिंचेने घासायचा मोह आवरा. चकचकीत होते खरी, पण आंबट कडेच्या खाचांत राहिलं की चार दिवसांत पुन्हा हिरवी.
पावसाळ्यात वाट्यांपेक्षा दांडे जातात. कातड्याला आणि लोकरीला बुरशी येते. जूनच्या आधी उन्हं दाखवून डब्यात तांदूळ किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करा. तानपुरा ठेवणार असाल तर जवारी (तारांखालच्या घोडीची घडण) दमट हवेत बिघडते, इलेक्ट्रॉनिक बरा.

घाटावरचा
गाँगचं राहिलं. आणि खर्च वाचवायचा तर देवळातला तास टांगला तर?

कासारआळी
तास जाड असतो, त्याचा आवाज तीक्ष्ण आणि ठोक्यालाच संपणारा. माणूस दचकावा यासाठीच तो घडवलेला आहे. जाड नमद्याचा गोळा लावलात तरी मवाळ होणार नाही. गाँग पातळ पत्र्याचा, त्याला पसरायला वेळ लागतो.

डेसिबल
गाँग घेतलात तर ३२ इंचांपलीकडे जाऊ नका. जोराच्या टोल्याआधी गोळ्याने दोन-तीनदा नुसतं कुरवाळायचं, म्हणजे पत्रा आधी थरथरू लागतो आणि मुख्य टोला फुटत नाही. ऐन मध्यावर मारायचं नाही, जरा बाजूला. जवळून तो सहज ९५-१०० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेच्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ ला आठ तास अशी आहे, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ऐकणाऱ्याचं डोकं दोन मीटरच्या आत नको, आणि गाँग सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. कान सतत वाजत असतील त्यांनी गाँगच्या दिवशी येऊच नये.

माजघर
नावनोंदणीतच विचारा: फिट्स येतात का, पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, नुकतं ऑपरेशन झालं आहे का. पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर वाटी अंगावर ठेवून वाजवू नका. गरोदर बाईने डाव्या कुशीवर, गाँगपासून लांब, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या आवाजाचा धसका घेतलेल्यांना दाराजवळची जागा द्या, मध्येच उठून जायची मुभा आधीच सांगा.

पांढरी_चार
मूळ प्रश्नाकडे येऊ. ३० बाय १२ ची पडवी १२ जणांना बरोबर पुरते. लांबीच्या मधोमध सहा फूट वाजवणाऱ्याला. दोन्ही बाजूंना बारा-बारा फूट उरतात, त्यात प्रत्येकी दोन रांगा, रांगेत तिघं. पहिल्या रांगेचे पाय मध्याकडे, दुसऱ्या रांगेची डोकी पहिल्यांच्या डोक्यांना लागून. म्हणजे बाराच्या बारा डोकी मध्यापासून नऊ-साडेनऊ फुटांवर येतात आणि सगळ्यांना सारखंच ऐकू येतं. सगळ्यांचे पाय एकाच दिशेला केले तर मागच्यांचे कान पंधरा फुटांवर जातात.
गाँग टांगलात तर त्याची कड अंगणाकडे करा, दोन तोंडं दोन बाजूंच्या लोकांकडे. कडेच्या दिशेला आवाज सगळ्यात कमी जातो, शेजारीही सुखी. गिलावा न केलेला जांभा सच्छिद्र असतो, आवाज शोषतो, आणि कौलाचा उतार असल्याने स्लॅबच्या हॉलसारखा टाळीला उलट टाळी येत नाही. जागा चांगली आहे. उघड्या बाजूला वेताचे किंवा सुती पडदे सोडा.

खाडीकाठ
पांढरी_चार, मांडणी कागदावर काढून पाहिली, बसते. ठरलं: पडवी, सकाळी साडेसहा, काशाच्या पाच वाट्या, पहिल्या हंगामात गाँग नाही. किनाऱ्यावर नंतर नुसतं फिरायला. वाट्यांखाली ठेवायला गाद्या घेऊ का?

कासारआळी
कशाला? काथ्याच्या चुंबळी करून घ्या, वाटीच्या बुडापेक्षा रुंदीला दोन बोटं कमी. गादीत मोठी वाटी रुतते आणि आवाज खालून दबतो, चुंबळीवर ती कमीत कमी जागी टेकते. नव्या काथ्याला बारीक कुसं असतात, ती जाळून घ्या, नाहीतर वाटी थरथरताना कुसळ वाजतं.

वेलची_केळी
आणि सारवण आदल्या दिवशी सकाळीच उरका. ओलसर राहिलं तर चटया आणि पाठी दोन्ही हिरव्या होतात.

नाखवा
साडेसहा ठीक. टेम्पो सव्वासहापर्यंत जाता.